अर्धं छप्पर

वक्त्यांची ही फजिती आता त्यांच्या ओळखीतल्या सगळ्यांना पाठ आहे, कारण ती गावभर सांगत सुटलेत ते स्वतःच. सांगताना ते स्वतःला कुठंही झाकत नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं.

वक्ते हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते मेहुण्यानं ठेवलेलं नाव. मेहुण्याचा धंदा छपरांवर फोम मारून देण्याचा. ट्रकमधल्या मशीनमध्ये दोन द्रव तापायचे, लांब पाइपांतून वर जायचे, गनच्या तोंडाशी एकमेकांना भेटायचे आणि पत्र्यावर पडले रे पडले की डोळ्यांदेखत फुगून टणक व्हायचे. त्यावर पांढऱ्या रंगाचा थर दिला की छप्पर तयार. गन मेहुण्याच्या हातात, पाइप त्याच्या जोडीदाराच्या खांद्यावर आणि गिऱ्हाईक आणायचं काम वक्त्यांच्या जिभेवर. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, या एका म्हणीवर त्यांनी बारा वर्षं संसार केला होता.

फोमच्या छपराचे सात फायदे त्यांना तोंडपाठ होते. पिशवीतून फोमचा एक तुकडा काढायचा, त्यावर बाटलीतलं पाणी ओतायचं, तुकडा उलटा करून खालची कोरडी बाजू गिऱ्हाइकाच्या गालाला लावायची आणि सुरू करायचं. "पहिला फायदा, जोड नाही! पत्र्याला जोड असतो, डांबरी कागदाला जोड असतो, अहो, माणसाच्या बोलण्यालासुद्धा जोड असतो. पाणी शिरतं ते जोडातून. इथं जोडच नाही, तर बिचारं पाणी शिरणार कुठून?" वक्त्यांच्या बोलण्याला मात्र खरोखरच जोड नव्हता. एकदा सुरू झालं की कुणाचा शब्द आत शिरणं अशक्य.

या बारा वर्षांत ते छपरावर मात्र एकदाही चढले नव्हते. शिडीच्या चौथ्या पायरीवरून ते भीतीनं माघारी उतरायचे. लोकांना ते गुडघ्याचं कारण सांगत. गुडघा ठणठणीत होता, हे फक्त बायकोला ठाऊक होतं, आणि ती ते मनात ठेवण्याइतकी भली होती. म्हणजे भावाला सोडून कुणाला सांगितलं नव्हतं.

तर एकदा त्यांना एका शिवण कारखान्यातून बोलावणं आलं. हॉस्पिटलचे कपडे शिवणारा कारखाना, लांबलचक शेड, वर पत्रे, खाली चाळीस मशीनं आणि चाळीस बायका. मालकीणबाई साठीच्या, कधीकाळी त्याच शेडमध्ये मशीनवर बसलेल्या. पत्रे तापले की दुपारी आत उभं राहवत नव्हतं, आणि पावसात तीन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागत होत्या.

वक्त्यांनी शेडच्या मधोमध उभं राहून सातही फायदे सांगितले. वजनाला हलका, त्यामुळे पत्रे तोलणाऱ्या जुन्या लोखंडी कैच्यांवर भार नाही. जुने पत्रे उचकटायला नकोत, कारण फोम कशालाही घट्ट चिकटतो. खोलगट जागा भरून उतार देता येतो, म्हणजे पाणी साचत नाही. पावसाचा ताशा वाजत नाही. वरचा पांढरा थर एकदा दिला की वर्षानुवर्षं बघायला नको. आणि गारवा! गारव्यावर आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःच्याच आवाजानं त्यांना गार वाटलं.

डोळे उघडले तेव्हा समोर काजवाल्या मावशी उभ्या होत्या. सगळ्या कपड्यांना काजं पाडायचं मशीन त्यांच्याकडं, म्हणून कारखान्यात सगळ्या त्यांना काजवाल्या मावशी म्हणत.

"या सातातला कुठला फायदा तुमच्या स्वतःच्या डोक्यावर आहे?" त्यांनी विचारलं.

"अं... आम्ही तळमजल्यावर राहतो. आमच्या डोक्यावर वरच्या मजल्याचं बिऱ्हाड आहे."

"म्हणजे अशा छपराखाली कधी बसला नाहीत?"

"बसलो ना! शेकडो वेळा!" वक्ते म्हणाले. ही थाप होती. काम झालेल्या छपराखाली परत जाण्याची त्यांना कधी गरजच पडली नव्हती; तोवर ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या गालाला तुकडा लावत असत.

"चला, वर कुठं गळतं ते दाखवते," मालकीणबाई म्हणाल्या.

"माझा गुडघा जरा..."

मालकीणबाई स्वतःच शिडी चढून गेल्या आणि वरून ओरडून जागा दाखवू लागल्या. खाली चाळीस बायका मान खाली घालून शिवत होत्या, पण खांदे सगळ्यांचे हलत होते.

तरी काम मिळालं. सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद ठेवून एका दिवसात आटपायचं ठरलं. त्या दिवशी सकाळी मेहुण्यानं धुऊन वाळलेल्या पत्र्यांवर उत्तरेकडून सुरुवात केली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत अर्धं छप्पर उरकलं. सायीसारखा सपाट थर, मग त्यावर पांढरा रंग. मग झाडांचे शेंडे हलायला लागले. मेहुण्यानं गनची कळ बंद केली, मास्क काढून गनशेजारी ठेवला आणि तो खाली आला.

"वारा सुटला, दाजी. आता पडेपर्यंत गनला हात लावायचा नाही." पलीकडच्या आवाराकडं त्यानं बोट केलं. तिथं ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि नऊ गाड्या रांगेत उभ्या होत्या. "फवारा उडाला तर तिकडं बसेल, आणि बसला की निघत नाही."

एवढं सांगून तो आणि जोडीदार ट्रकच्या मागं सावलीत डबा खायला बसले. तेवढ्यात मालकीणबाई काजवाल्या मावशींना घेऊन काम बघायला आल्या.

"छान झालंय," मालकीणबाई वर बघत म्हणाल्या. "तुम्ही नाही का मारत?"

"ते सांगतात," मावशी म्हणाल्या. "मारणारे वेगळे."

खरं तर यात टोचण्यासारखं काही नव्हतं. ते सांगत होते आणि मारणारे वेगळे होते. पण वक्त्यांच्या अंगात कुठून काय संचारलं कुणास ठाऊक. "तसं काही नाही," ते म्हणाले, "मीही मारतो. मेहुण्याला शिकवलं कुणी?" आणि उचलली जीभ ज्यानं टाळ्याला लावली, त्यालाच शिडी चढावी लागली. चौथ्या पायरीवर त्यांनी शिडीला मिठी मारली. पण खाली दोन बायका बघत होत्या आणि त्यांच्यासमोर उतरण्यापेक्षा चढणं सोपं वाटलं. ते चढत राहिले. वर पोचले तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की तिथंच थांबले असते तरी आयुष्यभर सांगायला पुरलं असतं.

वारा नेमका थबकला होता. गन पडली होती. बंद कळ कशी उघडतात ते त्यांनी माहितीपत्रकात स्वतः लिहिलं होतं. मेहुण्याचा मास्क चढवून त्यांनी गन उचलली, कोऱ्या पत्र्यावर रोखली आणि घोडा दाबला.

फोम आला. भस्सकन आला. 'एकसारखा थर' हे शब्द वक्ते बारा वर्षं म्हणत आले होते, पण थर एकसारखा व्हायला हात एकसारखा हलावा लागतो, हे त्या शब्दांत कुठं नव्हतं. त्यांच्या पायाशी एक टेंगूळ उगवलं. ते झाकायला दुसरं उगवलं. खालून मावशींनी विचारलं, "जमतंय का?"

इथं वक्त्यांचा घात झाला. कुणी प्रश्न विचारला की श्रोत्यांकडं तोंड करून उत्तर द्यायचं, ही त्यांची बारा वर्षांची सवय. त्यांनी मास्क कपाळावर चढवला, काठाकडं वळले आणि हातवारे करत म्हणाले, "बघा, जोड कुठं दिसतोय का?"

हातवारा ज्या हातानं केला, त्या हातात गन होती. आणि बोट घोड्यावर होतं. बोलण्याच्या नादात ते काढायचं राहिलं. त्याच क्षणी वारा परत आला. फवाऱ्याचा एक सुंदर पंखा उघडला, उन्हात चमकला, कुंपणावरून तरंगत पलीकडं गेला आणि नऊच्या नऊ गाड्यांवर अलगद उतरला.

मेहुण्यानं आरोळी ठोकली, तेव्हा कुठं बोट सुटलं. वक्त्यांनी पळायचा प्रयत्न केला, पण बूट टेंगळात रुतले होते. फोम कशालाही घट्ट चिकटतो, हे त्यांनी पहिल्या भेटीत घसा कोरडा करून सांगितलं नसतं तरी चाललं असतं. बूट तिथंच सोडून ते मोज्यांवर शिडीपाशी आले आणि खाली बघून पत्र्यावर बसले. उतरणं काही जमेना. शेवटी मेहुणा त्यांच्या खालच्या पायरीवर उभा राहिला आणि त्यांचा एकेक पाय हातानं धरून एकेका पायरीवर ठेवत त्यांना जमिनीवर आणलं.

"मास्क डोक्यावर घालून फवारतं का कुणी?" तो एवढंच म्हणाला. वक्त्यांनी कपाळावरचा मास्क काढून त्याच्या हातात दिला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ड्रायव्हिंग स्कूलचे सर आले, तेव्हा वक्ते मोज्यांवर उभे होते. सर शांत माणूस. सगळी हयात घाबरलेल्या लोकांशेजारी बसून काढलेली, त्यामुळे आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी एका गाडीच्या टपावरून हात फिरवला. खसखशीएवढे पिवळे दाणे, हजारोंनी. गाडीला गोवर आल्यासारखा.

"घाबरू नका," ते वक्त्यांना म्हणाले. "आधी थांबा. मग बघा. मग बोला. हे निघतं कशानं?"

"कशानंच नाही," मेहुणा मान खाली घालून म्हणाला. "वाळलं की कुठलंच औषध चालत नाही. नखानं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं एकेक दाणा काढायचा. रंगाला ओरखडा न लावता."

"मग काढा," सर म्हणाले. "ज्यांनी घातले त्यांनी."

रात्री बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग पदर तोंडाला लावून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात तिचा जुना चष्मा होता. "हा घेऊन जा," ती म्हणाली. "दाणे बारीक असतील."

दुसऱ्या दिवसापासून वक्ते गाड्या सोलायला बसले. दिवसभरात दोन गाड्या व्हायच्या. शिकायला येणारी मंडळी त्यांच्याभोवती वळसा घालून बसत आणि सर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत, "हे बघा, नजर एकीकडं आणि हात दुसरीकडं असला की काय होतं ते." वक्ते मान डोलावत. उदाहरण चांगलं होतं, नाकारण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

इकडं वारा दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळीही हटायला तयार नव्हता. छप्पर अर्धं झालेलं, अर्धं कोरं, मध्ये वक्त्यांची दोन टेंगळं आणि त्यांतून वर आलेले बूट. कारखाना तसाच सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मालकीणबाईंनी कुंपणावरून हाक मारली, "अहो, पाणी तरी प्यायला या आत." वक्ते गेले आणि दारातच थांबले. शेडचं रूपच पालटलं होतं. दक्षिणेकडची अर्धी शेड ओकीबोकी, तिथं नुसते कापडाचे तागे. आणि उत्तरेकडच्या अर्ध्यात सगळ्या बायका मशीनं ओढून आणून दाटीवाटीनं बसल्या होत्या, कोपराला कोपर लावून. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. सात फायदे ऐकले तेव्हा त्या फक्त हसल्या होत्या. मशीनं मात्र त्यांनी आपल्या हातांनी ओढली होती.

वक्ते आधी मोकळ्या बाजूला उभे राहिले. डोक्यावर कुणी तापलेला तवा धरल्यासारखं झालं, मिनिटभरात सदरा पाठीला चिकटला. मग ते चार पावलं चालून पलीकडं गेले. भिंत नाही, पडदा नाही, पण झाडाखाली आल्यासारखं वाटलं. ते मागं गेले. परत आले. पुन्हा मागं गेले. चाळीसातल्या एकीनं शेजारणीला ढोसलं, "यांना काय झालं गं?"

आणि तेव्हा त्यांना काजवाल्या मावशी दिसल्या. तापलेल्या बाजूला, पार कोपऱ्यात, एकट्या. काजाचं मशीन जुनं, वजनदार, फरशीत बोल्टनं पक्कं केलेलं. ते हलणारं नव्हतं. मावशींच्या डोक्यावर ओला फडका होता आणि त्याचं पाणी केव्हाच आटलं होतं.

वक्ते त्यांच्यापाशी गेले. त्या काहीतरी लागट बोलतील या अपेक्षेनं उभे राहिले. मावशींनी काज पाडलं, दोरा तोडला, वर बघितलं.

"बोला ना," त्या म्हणाल्या.

"तिकडं गार आहे," वक्ते म्हणाले.

"हो. मला इथून दिसतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती, आणि तीच वक्त्यांना झोंबली. त्या सुट्टीच्या दिवशी वारा पडेपर्यंत ते गप्प बसले असते, तर मेहुणा संध्याकाळी राहिलेलं काम घेणार होता. पण संध्याकाळ गेली त्यांना शिडीवरून उतरवण्यात, टेंगळं बघण्यात आणि सरांची माफी मागण्यात. म्हणजे ही बाई तिसरा दिवस तिथं भाजत होती ती यांच्या एका हातवाऱ्यामुळं.

ते तडक मेहुण्याकडं गेले. "उद्या सकाळी, वारा सुटायच्या आत, निदान मावशींच्या डोक्यावरचा भाग होईल का?"

"सकाळी पत्र्यावर दव असतं, दाजी. ओल्यावर फोम धरत नाही. ते वाळेपर्यंत हल्ली वारा सुटतो."

"दव मी पुसतो."

मेहुण्यानं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं सर पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्याकडं बघत. "वर चढून?"

"नाहीतर कसं पुसणार?"

सकाळी उजाडताच वक्ते जुने टॉवेल घेऊन शिडीपाशी आले. मेहुणा वर, जोडीदार खाली, आणि मध्ये वक्ते डोळे मिटून. चढताना त्यांनी स्वतःशी सातही फायदे म्हटले, त्यांचा एवढा खरा उपयोग कधी झाला नव्हता. मग मेहुण्यानं सुतळी लावून दिलेल्या रेषेत, खाली कैचीचा आधार असलेल्या पट्ट्यांवरून गुडघ्यांवर रांगत त्यांनी पत्र्याची एकेक पन्हळ पुसली. गुडघ्यानं काही तक्रार केली नाही. बारा वर्षं बदनामी सोसूनही.

पत्रा खडखडीत झाला तेव्हा मेहुण्यानं त्यांच्या हातात ताडपत्रीची दोन टोकं दिली. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाजूला काठापासून आत आडोसा धरून उभं राहायचं, उडालेला फवारा तिच्यावर घ्यायचा. आणि या वेळी मास्क तोंडावर. त्यातून एक शब्द बाहेर येत नव्हता. फवारा सुरू झाला. मेहुण्याचा हात डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं असा काही फिरत होता, की वक्ते बघतच राहिले. जे ते बारा वर्षं विकत होते, ते त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. पातळ धार पडायची, क्षणभर काहीच व्हायचं नाही आणि मग ती श्वास घेतल्यासारखी वर यायची.

मावशी कामावर आल्या तेव्हा कोपऱ्यावरचा भाग पुरा झाला होता. दुपारी वक्ते मुद्दाम आत डोकावले. मावशी काजं पाडत होत्या. फडका खुर्चीच्या पाठीवर वाळत होता. त्यांनी वक्त्यांकडं बघून नुसती मान हलवली आणि कामाला लागल्या. वक्त्यांनी हे प्रशस्तिपत्रक समजून घेतलं आणि उरलेल्या गाड्या सोलायला गेले.

राहिलेलं छप्पर आणखी दोन सकाळी घेऊन झालं, दव पुसणारा आणि ताडपत्री धरणारा तोच. मेहुण्यानं टेंगळं कापून काढली, बुटांसकट.

नववी गाडी झाली त्या दिवशी सरांनी सगळ्या टपांवरून तळवा फिरवून पाहिला. मग म्हणाले, "माझ्या ऑफिसवरही पत्रेच आहेत. याचा फायदा काय असतो नक्की?"

वक्त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. "आधी थांबा, मग बघा, असं तुम्हीच म्हणता ना?" ते म्हणाले. "दुपारी माझ्याबरोबर चला."

त्यांनी सरांना काजवाल्या मावशींशेजारी स्टुलावर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. सरांनी विचारलं आणि मावशींनी काम न थांबवता सांगितलं. "गार आहे. बादल्या उचलल्या. पावसात बोलणं ऐकू येतं का, ते पाऊस पडल्यावर सांगेन. पण वर कुणी टोकदार काही घेऊन नाचलं तर खड्डा पडतो म्हणे, आणि काही वर्षांनी पांढरा हात पुन्हा द्यावा लागतो. हे यांनी सांगितलं नव्हतं, यांच्या मेहुण्यानं सांगितलं." मग वक्त्यांकडं बघून, "आणि यांच्या हातात गन देऊ नका."

"छे छे," वक्ते म्हणाले. "माझं खातं ताडपत्रीचं."

सरांनी काम दिलं. एक अट मात्र घातली, फवारणीआधी गाड्या गल्लीच्या पार टोकाला नेऊन ठेवायच्या. ठरलेल्या सकाळी त्यांच्या नऊ विद्यार्थ्यांनी तो वर्ग म्हणून घेतला. ऑफिसच्या छपरावर वक्ते मास्क लावून, ताडपत्रीची टोकं धरून उभे होते आणि खालून एकेक गाडी फाटकातून बाहेर पडत होती. आचके देत, थांबत, पुन्हा निघत. आठ गेल्या. नववी नेमकी फाटकात बंद पडली. चालवणाऱ्या आजोबांनी किल्ली फिरवली, गाडी गुरगुरली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली.

"सावकाश," सर शेजारच्या सीटवरून म्हणाले. "वर ते थांबलेत तुमच्यासाठी."

आजोबांनी काचेतून वर पाहिलं. वक्त्यांना खूप काही सांगावंसं वाटत होतं, क्लचबद्दलसुद्धा. पण तोंडावर मास्क होता आणि दोन्ही हात गुंतलेले. पानही हलत नव्हतं. मेहुणा गन खाली धरून उभा होता. गाडी निघेपर्यंत ते सगळेच तसे उभे राहिले.